उपाशी मासोळी

३ सप्टेंबर

निरोप समारंभात हाताखालच्या मुलींनी ही डायरी हातात ठेवली तेव्हा मी म्हटलं होतं, मी काय लिहिणार, डोंबल! पण हॉटेलात पाळी संपताना पुढच्या सुपरवायझरसाठी चार ओळी लिहून ठेवायची सवय इतक्या वर्षांची. कुठला नळ गळतोय, कुठल्या गादीवर डाग आहे, कुठल्या पाहुण्याला दोन उशा लागतात. आता माझ्यानंतरची पाळी कुणाचीच नाही, तरी संध्याकाळ झाली की हात शिवशिवतो. म्हणून लिहायला बसले.

घुम्या पडला. घुम्या म्हणजे माझा धाकटा भाऊ. लहानपणी तोंडातून ब्र निघायचा नाही म्हणून हे नाव पडलं, पन्नाशी उलटली तरी नाव आणि स्वभाव दोन्ही जागच्या जागी आहेत. चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेमला बसवतो. दुकानाच्याच जिन्यावर पाय घसरला आणि मांडीचं हाड मोडलं. ऑपरेशन होऊन आत सळई बसली. डॉक्टर म्हणाले, महिनाभर तरी इथेच ठेवू, व्यायाम करवून घेऊ, वॉकरवर चालायला लागला की घरी न्या. मी म्हटलं, किल्ली दे, घराकडे मी बघते. त्याने किल्ली दिली. वर एवढंच बोलला, "ताई, टाकीला काही करू नकोस हं. रोज चिमूटभर खायला टाक, बस."

आता इथे खोटं कशाला लिहू? मला हॉटेलचं क्वार्टर या महिनाअखेर रिकामं करायचंय. घुम्याने आपण होऊन म्हणावं, "ताई, इथेच राहा." मी विचारणार नाही. ताकाला जाऊन भांडं लपवायची माझी जुनी खोड आहे, पण मोठ्या बहिणीने धाकट्याच्या दारात उभं राहून मागायचं कसं? त्यापेक्षा घरच असं करून ठेवते की त्याच्या तोंडून शब्द आपोआप निघेल.

४ सप्टेंबर

दोन खोल्या, एक गॅलरी. पुरुषमाणसाच्या मानाने घर नीटनेटकं आहे. भांडी घासलेली, कपडे दोरीवर सरळ रेषेत. दुकानातून आणलेली छोटी हत्यारं डब्यात ओळीने लावलेली. मनाशी म्हटलं, चला, आमच्या घराण्याचं वळण आहे म्हणायचं.

आणि मग ती टाकी पाहिली. पलंगासमोरची भिंतभर. पाणी कसलं, कडक चहा! तळाला कुजक्या पानांचा थर, मधे एक वेडंवाकडं मूळ, त्यावर बुळबुळीत काहीतरी. वर तरंगत्या झाडांचं दाट झाकण, त्यामुळे आत उजेड नाही. दिव्यालाही याने कागद लावून ठेवलाय. बराच वेळ बघितल्यावर सहा मासे दिसले. अंगठ्याएवढे, तपकिरी, अंगावर फिकट पट्टे. मासे म्हणजे कसे, सळसळले पाहिजेत. हे जागच्या जागी तरंगत, पंख्याच्या वाऱ्याने हलल्यासारखे हलतात. मालकाचा गुण उचललाय नुसता.

मला वाईट वाटलं. खोली बघून माणूस ओळखायचं काम मी जन्मभर केलं. वरवर सगळं टापटीप आणि एकाच कोपऱ्यात घाण साचू दिलेली असली की समजायचं, हा माणूस आतून खचलाय. एकटेपणाने याचं हे झालं आणि आम्हाला कुणाला पत्ता नाही.

८ सप्टेंबर

शोभेच्या माशांच्या दुकानात जाऊन आले. दुकानभर बुडबुडे आणि मालकाच्या बोलण्यातही बुडबुडेच. मी त्याचं नाव तेच ठेवलंय. पण मधल्या टाकीसमोर उभी राहिले आणि हलेचना. पाणी आहे की नाही कळू नये इतकं नितळ. पुढे हिरवळीसारखी गवताची गादी, मागे उंच लालसर झुडपं, पानापानावर मोत्यासारखे हवेचे थेंब. निळे-लाल मासे थव्याने इकडून तिकडे. बुडबुडे म्हणाला, "मॅडम, याला म्हणतात लावणीची टाकी. नुसते मासे पाळणं वेगळं, बाग लावणं वेगळं."

ठरलं. घुम्या घरी येईल तेव्हा त्याच्या पलंगासमोर हे असेल. आणि त्याला आधी सांगायचं नाही. दार उघडल्यावर पाहुण्याचा चेहरा बघण्यात जी मजा आहे ती मला विचारा.

१० सप्टेंबर

भेटीच्या वेळेत गेले. व्यायामवाल्या बाईंनी त्याला आज कठड्याला धरून उभं केलं. घामाघूम झाला होता बिचारा. मी सूप पाजलं. मग म्हणाला, "पाण्याचा रंग कसाय?"

लाजतोय, मला वाटलं. घाण ठेवली म्हणून. मी म्हटलं, "रंगाची चिंता तू करू नकोस. तू नीट चालायला लाग."

"फिका नाही ना पडला?"

"अरे, बघतेय ना मी!"

तो हसला. किती दिवसांनी कुणीतरी त्याची घाण उपसतंय, याचंच त्याला हायसं वाटलं असेल.

११ सप्टेंबर

सहातली एक मासोळी आजारी आहे. काल खायला टाकलं तर पाचजण वर आले, ही मुळाच्या आडोशाला. आज तेच. वाकून नीट पाहिलं तर गळा फुगलेला. गालगुंडं झाल्यासारखा. तोंड घट्ट मिटलेलं, पुढ्यात दाणा आला तरी वळून जाते. घुम्या नेमका नसतानाच हे व्हायचं होतं.

बुडबुड्याला फोन केला. तो म्हणाला, "खात नाही, गळ्याला सूज? आधी वेगळी काढा, नाहीतर बाकीच्यांना लागण. खडेमीठ घालून ठेवा पाण्यात." मी जाळीने काढली. फार झटापट झाली. पानांत घुसायची, मूळ हलवलं की मागे जायची. शेवटी पकडली आणि बादलीत मिठाच्या पाण्यात ठेवली.

१२ सप्टेंबर

दुपारी घुम्याचा फोन. आपण होऊन! मी चाट पडले. म्हणाला, "ताई, सगळे जेवतात का?"

"कोण? मासे? हो."

"सगळे? एखादी मागे मागे राहत नाही ना? जेवत नाही, असं?"

मला चरकल्यासारखं झालं. याला कसा वास लागला? पण पलंगावर पडलेल्या माणसाच्या जिवाला घोर कशाला लावायचा? म्हटलं, "छे रे, सहाच्या सहा तुटून पडतात."

फोन कटला की काय म्हणून मी हॅलो हॅलो केलं.

"सगळ्याच?" त्याने परत विचारलं.

"सगळ्याच."

"बरं," म्हणाला आणि फोन ठेवला. चला, निश्चिंत झाला.

१४ सप्टेंबर

मासोळी बरी झाली! सकाळी बघते तर गळा उतरलेला, तोंड मोकळं. बादलीच्या तळाला बाजरीएवढे पिवळट दाणे पडलेले. गळ्यातला सगळा रोग बाहेर पडला असणार. ते पाणी मोरीत ओतलं, बादली उकळत्या पाण्याने धुतली. दाणा टाकला तर तिने खाल्ला. अगदी हळू, पण खाल्ला. मला इतका आनंद झाला की चहाबरोबर दोन बिस्किटं जास्त खाल्ली. उगाच नाही लोक आजारी पाहुण्याला माझ्या ताब्यात द्यायचे.

१९ सप्टेंबर

काल टाकी उपसली. मासे पिंपात ठेवले. चहाचं पाणी बादल्या बादल्या भरून मोरीत. पानांचा गाळ कचऱ्याच्या पिशवीत. ते मूळ ब्रशने घासलं तरी रंग सोडीना, म्हणून तेही गॅलरीत. फिल्टरचा स्पंज तर गटारातून काढल्यासारखा होता. नळाखाली पिळून पिळून दुधासारखा पांढरा केला. काच आतून-बाहेरून अशी लख्ख, की मलाच माझ्या केसांतली पांढरी बट दिसली.

आज लावणी. तळाला खताची माती, त्यावर धुतलेली वाळू, मागे उंच आणि पुढे उतरती. झाडं एकेक करून चिमट्याने रोवायची. वाटतं तितकं सोपं नाही. चिमटा काढला की झाड सुटून वर. तीनदा लावलेली झुडपं तीनदा तरंगली. मग बुडबुड्याने फोनवर सांगितलं की चिमटा सरळ ओढायचा नाही, जरा तिरका करून अलगद सोडायचा. कंबरेचा पार काटा ढिला झाला. पण पाणी भरताना खाली बशी ठेवून तिच्यावर धार सोडली, एक कण उडाला नाही, तेव्हा माझी मीच पाठ थोपटली.

बुडबुडे म्हणाला, महिनाभर मासे न सोडता नुसती चालू ठेवा. म्हटलं, अहो, त्याआधीच माणूस घरी येईल, त्याला काय रिकामं पाणी दाखवू? संध्याकाळीच सहाही मासे सोडले.

२३ सप्टेंबर

पाणी दुधाळ झालं. मासे वर येऊन तोंड उघडझाप करतात. अर्धं पाणी बदललं. संध्याकाळी पुन्हा दुधाळ.

२४ सप्टेंबर

दोन गेले. त्यातली एक ती आजारातून उठलेली. मला रडू आलं, खरंच. एवढं करून तिला वाचवलं होतं. बुडबुडे फोनवर म्हणाला, "स्पंज नळाखाली धुतला? मॅडम, त्या घाणीत चांगले जंतू असतात हो, तेच तर पाणी पेलतात." चांगले जंतू! आमच्या धंद्यात जंतू म्हटलं की एकच अर्थ. त्याने जुन्या टाकीतला एक मळका स्पंज दिला, तो नाइलाजाने लावला. डोळे मिटून लावला म्हणा.

घुम्याला सांगणार नाही. आल्यावर चारच दिसतील, आकडा समोरच असेल. आत्ता नको.

३० सप्टेंबर

क्वार्टर सोडलं. माझ्या दोन ट्रंका आणि गुंडाळलेली गादी घुम्याच्या पलंगाखाली सरकवली. तात्पुरती. कुणाला दिसणार नाही अशी. जुन्या मुली रिक्षापर्यंत सोडायला आल्या. विचारत होत्या, मॅडम, आता कुठे? मी म्हटलं, भावाकडे. बोलताना जीभ अडखळली, पण बोलून टाकलं.

टाकी निवळली आहे. गवताने मूळ धरलं. लालसर झुडपांना नवे कोंब आले. त्यांचे शेंडे खुडून पुन्हा खाली लावले की एकाची चार होतात, हे मला कुणी न सांगता जमलं. काल एका पानावर हवेचा मोती दिसला. मग चारी बाजूंनी. मी पलंगावर बसून बघत राहिले आणि भाजी करपली. निळे-लाल मासे आणले, वीस. सळसळतात कसे! तपकिरी चौघे मात्र पाइपमागच्या कोपऱ्यात एकावर एक कोंबून बसतात. रंग उडालाय त्यांचा. नव्या घराची सवय व्हायला वेळ लागतो, हे मलाही समजतं.

४ ऑक्टोबर

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहिते.

सकाळी बेल वाजली. घुम्याचा मित्र. त्याचा फोटो स्टुडिओ आहे, हे मला माहीत होतं. कामासाठी बाहेरगावी होता म्हणून दवाखान्यात भेटला नव्हता. खांद्याला कॅमेऱ्याची बॅग. "ताई ना? मी फोटो काढायला आलोय. तो येण्याआधी तपकिरींचे घेऊन ठेवतो." चपला काढून हसत आत आला आणि टाकीसमोर थबकला.

मला वाटलं, भारावला. मी म्हटलं, "कशी आहे?"

तो वाकून काचेतून आत बघू लागला. मग अगदी हळू म्हणाला, "जुनं पाणी कुठे आहे?"

"मोरीत. अहो, काय अवस्था होती! कुजकी पानं..."

"पानं तो वाळवून, निवडून पाण्यात सोडायचा, ताई," तो म्हणाला. खाली बसला. माझ्या अंगावर ओरडला असता तर बरं झालं असतं. "ते मासे रानातल्या तसल्याच गडद पाण्यातले. नळाच्या पाण्यात जगतात कसेबसे, पण घर करत नाहीत. आम्ही मासे पाळणाऱ्यांपैकी कुणाकडेच त्यांची पिल्लं झाली नाहीत. हा तीन वर्षं त्या पाण्यामागे लागला होता. पडण्याच्या आदल्या दिवशी मला म्हणाला, जोडी जमतेय वाटतं."

मग त्याने विचारलं, "एखादी जेवायची बंद झाली होती का?"

मी म्हटलं, का?

"त्यांची मादी अंडी तोंडात धरते. पिल्लं होईपर्यंत, दोन-दोन आठवडे. तेवढे दिवस अन्नाला शिवत नाही. गळा फुगतो. त्याचाच फोटो हवा होता त्याला. पण तो म्हणाला, ताई सांगते सगळे जेवतात, म्हणजे यंदाही हुकलं."

मी चहा ठेवते म्हणून आत गेले. गॅस पेटवला आणि पातेलंच ठेवलं नाही. परत आले तेव्हा त्याने कॅमेरा बाहेर काढलेला नव्हता. त्याला मिठाचं सांगितलं. बादलीतल्या दाण्यांचंही. तो डोळे मिटून ऐकत होता. जाताना म्हणाला, "मी त्याला काही सांगत नाही. तुम्हीच सांगा."

ती आजारी नव्हती. तोंडात पोरं घेऊन बसली होती. आणि मी तिला मिठात घातलं.

६ ऑक्टोबर

घुम्याने फोन करून विचारलं होतं. पुन्हा पुन्हा विचारलं होतं. एक "हो" म्हणाले असते, "एक जेवत नाहीये रे" एवढं म्हणाले असते, तर त्याने तिकडून सांगितलं असतं, हात लावू नकोस. मी त्याला काळजी नको म्हणून खोटं बोलले. काळजीच हवी होती त्याला. तो त्या काळजीचीच वाट बघत होता.

आज भेटायला गेले नाही. डोकं दुखतंय असं कळवलं.

७ ऑक्टोबर

बागेतल्या बदामाच्या झाडाखालची पिशवीभर वाळकी पानं वेचून आणली. माळी बघत होता. म्हणाला, "बाई, शेकोटी करायची का?" धुतली, मोठ्या पातेल्यात उकळली, गाळून थंड केलं आणि टाकीत ओतलं. गॅलरीतलं मूळही परत ठेवलं. पाणी तपकिरी झालं. पण ते तसं नाही. ते नुसतं रंगवलेलं पाणी आहे. खाली माझी हिरवी गादी, वर तपकिरी धूर, त्यात निळे-लाल मासे गोंधळून भिंतीला धडका मारतायत. एवढी कुरूप खोली मी जन्मात कुणाला दिली नव्हती.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

९ ऑक्टोबर

घुम्या आला. मित्राने गाडी आणली होती. वॉकर टेकत टेकत पलंगापर्यंत पोचला, बसला आणि समोर बघितलं.

मी त्याच्याकडे बघितलं नाही. उशीचा अभ्रा सारखा करत राहिले.

"छान आहे," तो म्हणाला. "ताई, किती राबलीस."

एवढंच. मग पाणी मागितलं. मित्र खिडकीबाहेर बघत होता. घुम्याने तपकिरी मासे मोजले नाहीत. बघूनच कळलं असणार त्याला. काचा घासणाऱ्या माणसाच्या नजरेतून काय सुटतं?

१२ ऑक्टोबर

तो दिवसभर गॅलरीच्या दारात खुर्ची घेऊन बसतो. टाकीकडे पाठ. मी म्हटलं, ऊन लागतंय. म्हणाला, बरं वाटतं.

आज जेवणानंतर सांगून टाकलं. सगळं. फोनवर खोटं बोलले ते, बादली, मीठ. सांगताना मी उभी होते, पाहुण्याची तक्रार ऐकताना उभी राहायचे तशी. तो ताटातली शितं बोटाने एका कडेला सारत होता. संपल्यावर म्हणाला, "तुला कसं कळणार? मी सांगायला हवं होतं. पण झाल्याशिवाय बोलायचं नाही, ही माझी सवय."

"रागव तरी माझ्यावर!"

"कशाला?" मग विचारलं, "दाणे कसे होते? पांढरे की पिवळट?"

"पिवळट."

"पांढरे नव्हते ना? पांढरे म्हणजे वाया गेलेले असतात."

"नव्हते. सगळे पिवळट."

त्याने मान हलवली. "म्हणजे जमलं होतं," म्हणाला. कुणी परीक्षेचा निकाल उशिरा सांगावा तसा त्याचा चेहरा झाला. मग हात धुवायला उठायला लागला. मी धरायला गेले तर म्हणाला, "नको, जमतंय."

१५ ऑक्टोबर

पलंगाखाली वॉकरचा पाय अडकला आणि ट्रंका दिसल्या. मी गडबडीने म्हटलं, तात्पुरत्या आहेत रे, क्वार्टर सोडलं ना. त्याने ट्रंकांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"इथेच राहा ना, ताई," तो म्हणाला. "सोबत होईल."

महिनाभर ज्या वाक्यासाठी जीव टाकला ते वाक्य. आणि मला ऐकू आलं काय, तर त्याने "छान आहे" म्हटलं होतं तोच आवाज. तसूभर फरक नाही. जे समोर येईल ते छान म्हणून ठेवून घ्यायचं आणि पाठ करून बसायचं.

मी म्हटलं, बघू.

आता पडल्या पडल्या विचार करतेय. ही बाहेरची खोली मी आल्यापासून तिसऱ्यांदा लावली. त्याचा हत्यारांचा डबा वरच्या फळीवर ठेवला, तिथवर त्याचा हात पोचत नाही. त्याने मागितला नाही. त्याला चहा कमी साखरेचा लागतो हे मला काल कळलं, तेही कप अर्धा तसाच राहिला म्हणून. मी काही वाईट केलं का? नाही. पण तो काही बोलत नाही म्हणजे त्याला काही नको असतं, असं मी कधीपासून धरून चाललेय कोण जाणे.

१८ ऑक्टोबर

नोकरदार बायकांचं वसतिगृह चालवणारी माझी एक जुनी मैत्रीण आहे. तिला रात्रपाळीला सांभाळणारं माणूस हवंय. राहायला खोली देते. इथून चालत जाण्यासारखं आहे. काल हो म्हणून आले.

सकाळी घुम्याला सांगायचं होतं. रात्रीच मनात वाक्यं जुळवून ठेवली होती. तो म्हणेल, अगं, का? मी म्हणेन, तुलाही तुझी जागा हवी. तो म्हणेल, नको जाऊस. मी म्हणेन, वेडा आहेस का, रोज तर येईन. मग त्याला बरं वाटेल, मलाही.

चहा दिला. साखर कमी घातली होती. म्हटलं, "घुम्या, मी परवापासून वसतिगृहावर राहायला जाते. तिकडे माणूस हवंय त्यांना."

"बरं," तो म्हणाला.

मी थांबले. तो चहाचा घोट घेऊन म्हणाला, "ट्रंका जड आहेत. गाडी सांगू का मित्राला?"

"सांग," मी म्हटलं.

मी आतल्या खोलीत कपडे घड्या करून भरायला बसले. बाहेर त्याने मित्राला फोन लावला. आधी गाडीचं बोलला. मग आवाज जरा खाली गेला, पण घर दोन खोल्यांचं, ऐकू यायचं ते आलंच. "नाही रे, चौघे आहेत अजून. माद्या असतील त्यात... हो, सगळं पहिल्यापासून. पानं तुझ्याकडे आहेत का वाळलेली? उकळायची नाहीत, बाबा!" आणि तो हसला. घरी आल्यापासून पहिल्यांदा, मोकळा. किती बोलत होता! माझ्याशी तो एका दमात इतकं कधी बोललेला मला आठवत नाही. खुर्ची सरकल्याचा आवाज आला. गॅलरीतून टाकीच्या बाजूला वळवली असणार.

मी घडी घातलेला कपडा पुन्हा उलगडून पुन्हा घडी घालत होते. जायचं तर मीच ठरवलं होतं. त्याने फक्त एकदा नको जाऊस म्हणायला हवं होतं, मग मी आनंदाने गेले असते.